बोटाचा भाव आणि यंत्राची मुदत

या देशात कामगाराच्या बोटाचा भाव ठरलेला आहे. नुकसानभरपाईच्या कायद्यातील परिशिष्टाप्रमाणे संपूर्ण तर्जनी गेली तर कमाईची क्षमता १४ टक्क्यांनी घटली असे मानायचे, अंगठा गेला तर ३० टक्क्यांनी. तुटलेल्या बोटांची इतकी काटेकोर मोजदाद करणारे शासन बोट तोडणाऱ्या यंत्राबाबत मात्र कमालीचे उदार आहे. यंत्रसुरक्षेची मानके सक्तीची करणारा आदेश केंद्रीय अवजड उद्योग मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये काढला. तो वर्षभराने अमलात यावयाचा होता; परंतु वर्ष भरण्याआधीच ही तारीख १ सप्टेंबर २०२६ पर्यंत पुढे ढकलण्यात आली.

शिवाय हा आदेश होता तो नव्याने बाजारात येणाऱ्या यंत्रांपुरता. बोटे तुटतात ती प्रामुख्याने जुन्या पॉवर प्रेसवर, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या लहान कारखान्यांत. जुन्या धाटणीच्या क्लचचा प्रेस एकदा पेडल दाबले की ठोका पुरा होईपर्यंत थांबत नाही. त्याच्यापुढे हात ओळखणारा सेन्सर बसविणे ही निव्वळ धूळफेक होय. तेथे हात आत शिरूच नये अशी बंदिस्त जाळी हवी. धोकादायक भाग झाकण्याचे बंधन तर १९४८ च्या कारखाना कायद्यानेच घातले होते. तरीही नगावर मजुरी आणि डोक्यावर उत्पादनाचे उद्दिष्ट असले की जाळी काढून ठेवली जाते आणि दोष कामगाराच्या ‘निष्काळजीपणा’वर ढकलला जातो.

‘लहान उद्योजकाला हे परवडत नाही,’ असा युक्तिवाद केला जातो. मग आज ते कोणाला परवडते? राज्य विमा योजनेत मालकाची वर्गणी वेतनाच्या ३.२५ टक्के, कारखान्यात एक बोट तुटो वा दहा, तिचा दर तोच. उलट कामगारच ०.७५ टक्के भरून स्वतःच्या बोटाच्या किमतीला हातभार लावतो. जाळीचा खर्च वाचतो मालकाचा, स्वस्त सुटा भाग मिळतो बड्या मोटार कंपनीला आणि तोटा तेवढा कामगाराच्या पंजावर!

म्हणून जुने प्रेस सुधारण्याची वा मोडीत काढण्याची मुदत कायद्याने ठरली पाहिजे. अपघातांच्या प्रमाणात मालकाची वर्गणी वाढली पाहिजे. सुटे भाग विकत घेणाऱ्या कंपनीवरही जबाबदारी टाकली पाहिजे आणि जाळीविना यंत्र चालविण्यास नकार देणाऱ्या कंत्राटी कामगाराची नोकरी सुरक्षित राहिली पाहिजे. कामगार संघटनांनी बोनसच्या मागणीइतक्याच निकराने हा लढा हाती घ्यावा. भरपाई वाढवून घेणे आवश्यकच आहे. पण बोट शाबूत राहणे हा कामगाराचा पहिला हक्क आहे.