लेडीज डबा आणि जावाची लिस्ट

आपल्या घरातले संगणकवाले भाचे-पुतणे जमले की एक तक्रार हमखास निघते. प्रत्येक स्त्री जर प्रवासी आहे, तर स्त्रियांची लिस्ट ही प्रवाशांची लिस्ट का होऊ नये? जावाचा कंपायलर अडून बसतो आणि सगळे मिळून त्याला हेकट ठरवतात. मला मात्र त्याचंच म्हणणं सोळा आणे पटतं.

दिव्याच्या फलाटावर उभं राहून बघा. लेडीज डब्यातून जी उतरेल ती प्रवासीच. उतरणाऱ्यांची नुसती मोजदाद करायची असेल, तर त्याला प्रवाशांचा डबा म्हणायला कुणाची ना नाही. पण त्याच नावावर कुणी चढायला लागलं तर? बाहेर काढताना चालणारं नातं आत घालताना मोडतं. "अमुक हा तमुक आहे" एवढंच घोकून पास झालेल्यांना हे दिसत नाही. (दोष पोरांचा नाही, शिकवणाऱ्यांचा!)

गंमत म्हणजे याच जावाने १९९६ साली ॲरेला ही सूट देऊन टाकली होती. तेव्हा जेनेरिक्स नव्हते, आणि कुठल्याही वस्तूंच्या ॲरेवर चालणारं एकच फंक्शन लिहिता यायला हवं होतं. म्हणून ही पळवाट. परिणाम काय? कंपायलर गप्प, आणि चुकीची वस्तू आत टाकली की चालता प्रोग्रॅम 'ॲरेस्टोअरएक्सेप्शन' म्हणत कोसळतो. दिव्याला अडवायचं सोडून मुंब्रा गेल्यावर साखळी ओढायची! सी-शार्पने ॲरेबाबत तोच कित्ता गिरवला. टाइपस्क्रिप्ट तर साखळीही ओढत नाही.

२००४ मध्ये जेनेरिक्स आले तेव्हा जावाला शहाणपण सुचलं. 'एक्सटेंड्स' लिहिलंत तर लिस्टमधून फक्त काढा. 'सुपर' लिहिलंत तर खुशाल घाला. जनरल डब्यात कुणीही चढतं, तिथे बाईही चढणारच. सी-शार्पने २०१० मध्ये इंटरफेसांसाठी यालाच 'आउट' आणि 'इन' अशी सरळ नावं दिली.

यावर उत्तर ठरलेलं: "हे फार किचकट आहे, नवशिक्यांना झेपत नाही." अहो, चूक एका ओळीत आणि स्फोट दोनशे ओळींनंतर, हे नवशिक्याला झेपतं वाटतं?

असो. कॉटलिनमध्ये नुसती वाचायची लिस्ट वेगळी आणि बदलता येणारी वेगळी. पहिलीला तुमची मागणी मंजूर आहे, दुसरीला नाही. तेव्हा भाच्यांनो, भांडायचंच असेल तर जावाच्या ॲरेशी भांडा. लिस्टच्या वाटेला जाऊ नका.