लिपी नाही म्हणून कोलामी भाषाच नाही?

जानेवारी २०१९ मध्ये आपल्या यवतमाळात ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले. मीही ठेवला, आनंदच झाला होता. पण केळापूर, मारेगाव, झरी जामणीच्या पोडांवर घराघरात जी कोलामी बोलली जाते, तिचं काय?

परवा टपरीवर हा विषय काढला तर एक भाऊ म्हणाले, "ते काय भाषा हाय का? बोली हाय. लिपी तरी हाय का तिले?"

भाऊ, इंग्रजीला तरी स्वतःची लिपी कुठे आहे? रोमन लिपी उसनीच. आपल्या पणजोबांचे दस्त मोडीत आहेत, आपल्याला ते वाचता येत नाहीत. म्हणून मराठी बदलली का? आसामातली दिमासा घ्या. २०११ च्या जनगणनेत तिचे बोलणारे सुमारे १ लाख ३७ हजार, कोलामीचे १ लाख २८ हजार. दिमासा रोमनमध्ये लिहितात. तिचं काही अडलं नाही.

आणि कोलामी मराठीची बोलीही नाही. ती द्राविडी कुळातली. पाण्याला 'ईर', घराला 'एल्ला'. तेलुगूतलं 'नीरु', 'इल्लु' आठवून पाहा. सेतुमाधवराव पगडींनी १९५० साली तिचं व्याकरण लिहिलं, १९५५ साली अमेरिकेतल्या एमेनोनं अख्खा ग्रंथ छापला. परदेशातल्या माणसाला जी भाषा दिसली, ती तालुक्याच्या ठिकाणी बसून आपल्याला काहून दिसत नाही?

एका पोडावरच्या शाळेत गेलो होतो. पहिलीतली पोरगी कोपऱ्यात गप्प. मास्तर म्हणाले, "मंद आहे हो." सुट्टी झाली आणि तीच पोरगी मैत्रिणींशी असं धडाधड बोलायला लागली की थांबेचना! मास्तरांना त्यातला एक शब्द कळत नव्हता. मंद कोण, ते तुम्हीच ठरवा. (मास्तर बिचारे वाईट नाहीत. त्यांना कोलामी कुणी शिकवलीच नाही.)

घटनेतलं कलम ३५०-क सांगतं की भाषिक अल्पसंख्य लेकरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून राज्यानं सोयी कराव्यात. हे कलम १९५६ पासून आहे.

लिपीवरूनच भांडायचं असेल तर गोंडीकडे पाहा. १९१८ ची मसराम लिपी आहे, पैनगंगेपलीकडे आदिलाबादेत गुंजाळा लिपी आहे, दोन्ही आता युनिकोडमध्ये आहेत. चांगलंच आहे. पण कोलामीनं नव्या लिपीची वाट पाहत बसू नये असं माझं स्पष्ट मत. देवनागरीत लिहा, आजच. अडचण एवढीच की ऱ्हस्व-दीर्घ 'ए' आणि 'ओ' कोलामीत वेगळे, मराठी लेखनात एकच. त्यासाठी देवनागरीत ऎ आणि ऒ ही अक्षरं आधीपासून आहेत. एका दुपारी शिकता येतात.

पांढरकवड्याला आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे. कोलाम ही विशेष असुरक्षित जमात म्हणून त्यांच्या नावानं योजना येतात, घरं येतात, रस्ते येतात. त्यात पहिली-दुसरीसाठी एक कोलामी वाचनपुस्तिका आणि पोडावरचीच एक बारावी झालेली पोरगी मदतनीस म्हणून, एवढं बसत नाही?

पुढच्या आठवड्यात या मागणीचं निवेदन घेऊन जातोय. ज्यांच्या घरी कोलामी बोलतात त्यांनी सोबत या. निवेदन दोन्ही भाषांत लिहायचंय, आणि कोलामी मजकूर माझ्याच्यानं होणार नाही.