गाव नावाचा रोगी

वैद्यकाचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारातला रोगी खाटेवर पडलेला असतो. त्याची नाडी हातात धरता येते, त्याला जीभ दाखवायला सांगता येते. दुसऱ्या प्रकारातला रोगी म्हणजे एक अख्खे गाव, नाहीतर शहरातला एखादा वॉर्ड. त्याची नाडी कुठे लागते ते शोधावे लागते. आणि जिभा हजार असल्या, तरी कोणी सांगितले म्हणून त्या बाहेर येत नाहीत!

या दुसऱ्या वैद्यकाला सार्वजनिक आरोग्यशास्त्र म्हणतात. त्यातली 'एम.पी.एच.' ही पदव्युत्तर पदवी आता आपल्याकडेही रुळली आहे आणि ती घेणारा डॉक्टरच असला पाहिजे असेही सर्वत्र बंधन नाही. या अभ्यासक्रमात व्याख्यानांखेरीज प्रत्यक्ष कामाचाही भाग असतो. काही आठवडे एखाद्या आरोग्य केंद्रात, नगरपालिकेत किंवा सेवाभावी संस्थेत जाऊन राबायचे. नेमक्या याच भागापाशी आपल्या मध्यमवर्गीय घरांतल्या कपाळांना आठ्या पडतात.

आमच्या शेजारच्या वहिनींची कन्या सध्या हे शिकते आहे. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, एवढी फी भरायची आणि पोरीने दारोदार कागद भरत हिंडायचं? ओळखीनं एखादं सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र नाही का मिळणार?"

मिळेलही. आपल्या देशात सहीशिक्क्याला कधी तोटा पडलेला नाही. पण ते का घेऊ नये, हे मला त्या मुलीकडूनच कळले.

ती एका खेड्यात लहान मुलांच्या आजारांची पाहणी करीत होती. हाती छापील प्रश्नावली. त्यात एक प्रश्न : 'गेल्या पंधरा दिवसांत बालकास अतिसार झाला होता काय?' बहुतेक आयांनी 'नाही' म्हणून सांगितले. कागदावर गाव ठणठणीत! पण एका घरी मांडीवरच्या पोराची दुपटी तिसऱ्यांदा बदलली जाताना तिने पाहिली, आणि तिने आपल्या भाषेत विचारले. तेव्हा ती बाई म्हणाली, "अगं, दात येतायत त्याला. ते जुलाब काय आजारातले?"

भाषेचा मास्तर म्हणून मला या प्रसंगाचे फार मोल वाटते. 'अतिसार' हा शब्द शुद्ध आहे; फक्त तो त्या घरात राहत नाही. आणि 'जुलाब' म्हणून विचारले तरी दात येतानाचे जुलाब आईच्या हिशेबात धरलेलेच नसतात. ही गोष्ट वर्गात कोण शिकवणार?

पुढे मीठ-साखरेच्या पाण्याची पाळी आली. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, ही कृती तिला तोंडपाठ होती. पण लिटर मोजायचे कशात? घरोघर तांब्या होता, आणि प्रत्येक घरचा तांब्या निराळ्या मापाचा. मीठ जास्त पडले तर पोराला अपाय व्हायचा. शेवटी उपयोगी पडली ती विकतच्या पाण्याची रिकामी लिटरची बाटली. शास्त्र पुस्तकात होते. बाटली शोधावी लागली.

या शास्त्राची थोर माणसेही अशीच दारोदार हिंडलेली आहेत. पटकी दूषित पाण्यातून पसरते हे लंडनच्या जॉन स्नो या डॉक्टरने १८४९ सालीच लिहिले होते. फारसे कोणाला पटले नाही. १८५४ साली सोहो भागात साथ आली आणि सहाशेंहून अधिक माणसे दगावली. स्नोने मृतांची घरे गाठून ती पाणी कुठले पीत होती याची चौकशी केली आणि ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढवला. त्याच वस्तीतला हेन्री व्हाइटहेड हा तरुण पाद्री स्नोचे म्हणणे खोडून काढायला निघाला होता. पण तो घराघरांत ओळखीचा; लोक त्याच्याशी मोकळेपणी बोलत. विचारता विचारता त्याचेच मत फिरले, आणि पंपाशेजारच्या घरातल्या आजारी तान्ह्या मुलीच्या दुपट्यांचे पाणी कुठे मुरत होते, तो धागा त्याच्याच हाती लागला.

म्हणूनच मोठ्या संस्थांनी प्रथमपासून वर्गाबरोबर वस्तीही हाताशी ठेवली. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सने १९३२ साली बाल्टिमोर शहराचा पूर्वेकडचा एक भाग यासाठी निवडला. आपल्याकडे त्याच वर्षी कलकत्त्यास अखिल भारतीय आरोग्य संस्था निघाली आणि १९३९ साली तिने हुगळी जिल्ह्यातल्या सिंगूरला आपले ग्रामीण शिक्षण केंद्र उघडले. पुढे मोटारीच्या कारखान्यावरून गाजलेले सिंगूर ते हेच. आणि आपल्या अहमदनगर जिल्ह्यातले, आता अहिल्यानगर म्हणायचे, जामखेड! रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकून १९७० साली तिथे आले. गावाला आधी अन्न आणि पाणी हवे आहे हे त्यांनी ऐकून घेतले, आणि पुढे खेड्यातल्या अल्पशिक्षित, निरक्षर बायांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केले.

आता या नाण्याची दुसरी बाजू, आणि मला तीच अधिक महत्त्वाची वाटते. विद्यार्थी शिकतो हे ठीक. पण तो ज्यांच्यावर शिकतो त्यांचे काय? दर वर्षी नवी मुले यायची, तेच प्रश्न विचारायची, चुलीवरचे काम सोडून बाईने उत्तरे द्यायची, आणि मुले पदवी घेऊन गेली की गाव होते तिथेच! हे शिक्षण नव्हे. ही उधारी आहे.

अमेरिकेत या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळाने २०१६ साली नियम नव्याने लिहिले. नुसती हजेरी पुरेशी नाही; विद्यार्थ्याने किमान पाच कौशल्ये कामातून दाखवावीत, आणि संस्थेच्या खरोखर उपयोगी पडतील अशा निदान दोन वस्तू तयार कराव्यात. अहवाल असो, तक्ता असो, शिकवण्याचे साहित्य असो. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटला. ज्याच्या घरी पाहुणचार घेतला, तिथून रिकाम्या हाताने निघू नये, ही आपलीही रीतच आहे.

आमच्या शेजारकन्येनेही निघताना केंद्रात दोन गोष्टी ठेवल्या : बोलीतल्या शब्दांत पुन्हा लिहिलेली प्रश्नावली, आणि बाटली व चमच्यांची चित्रे काढलेला एक पुठ्ठा. तिथल्या ताईंनी तो भिंतीवर लावला आहे म्हणे. विकतच्या शिक्क्याने यातले काय झाले असते?

तेव्हा आईबापांनो, मुलांना या कामातून सोडवायला ओळखी शोधू नका. असे विद्यार्थी शहरातही हिंडतात. दिवाळीच्या सुमारास एखादी मुलगी कागद घेऊन आपल्या दाराशी आली, तर तिला बसायला सांगा, चिवड्याची बशी पुढे करा आणि दहा मिनिटे खरी उत्तरे द्या. मग खुशाल विचारा, "मुली, या उत्तरांचा आमच्या गल्लीला काय उपयोग?" ती गडबडली तर रागावू नका. तिच्या परीक्षेतला तो सर्वांत मोठ्या गुणांचा प्रश्न आहे, आणि तो विचारण्याचा अधिकार आपलाच आहे.