आधी कुदळ, मग गाऱ्हाणे

रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात आपण चार शेतकरी जमलो की बोलणे पाण्यावर येते. विहीर आटली, बोअर कोरडी गेली, सरकार काही करीत नाही. गाऱ्हाणे खोटे नसते, पण त्याने जमीन भिजत नाही. म्हणून आज आम्ही माळव्यातील धार आणि देवास या दोन जिल्ह्यांची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

दोन्ही ठिकाणी पूर्वी पवारांची संस्थाने होती, तेव्हा ही नावे मराठी माणसाला परकी नाहीत. जमीनही काळी, आपल्या ओळखीची. धार शहर जुन्या तळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील एका तलावाला दहाव्या शतकातील मुंज राजाचे नाव आहे. पावसाचे पाणी अडविण्याची विद्या या मुलखाला पूर्वीपासून ठाऊक होती.

पुढे विजेची मोटार आली, बोअर आली आणि तळ्यांकडे दुर्लक्ष झाले. जो तो शेजाऱ्यापेक्षा खोल जाऊ लागला. पाणीही खोल गेले. १९९० साली देवास शहराला इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागले!

२००६ साली तेथे उमाकांत उमराव हे जिल्हाधिकारी होते. त्यांनी शेतकऱ्यांना साधी गोष्ट सांगितली: आपल्या जमिनीचा दहावा हिस्सा तळ्याला द्या, उरलेली नऊ हिस्से जमीन भिजेल. त्या वेळी अनुदान नव्हते. तरीही टोंकखुर्द भागातील शेतकऱ्यांनी पदरचे पैसे घातले, काहींनी कर्ज काढले आणि तळी खोदली. तळ्याला नाव दिले 'रेवा सागर' आणि खोदणाऱ्याला 'भगीरथ कृषक'. एकाचे पाहून दुसरा उठला आणि जिल्ह्यात हजारो तळी झाली. जेथे खरिपानंतर रान पडीक राही, तेथे रब्बीचा गहू-हरभरा उभा राहिला. सरकारी योजना मागाहून आली.

आमचे वाचक म्हणतील, "ते मोठे शेतकरी. आमच्या एका एकरात तळे कुठे बसवायचे?" शंका रास्त आहे, देवासलाही सुरुवात मोठ्या शेतकऱ्यांपासूनच झाली. पण हिशेब करून पाहा. एकराचा दहावा हिस्सा म्हणजे चार गुंठे. त्यावर दहा फूट खोल, उतरत्या काठाचे तळे केले तर सात-आठ लाख लिटर पाणी मावते. ऊन आणि पाझर यांची मोठी घट धरली तरी चार लाख लिटर हाती राहावे. एकराला दोन इंच पाण्याची एक पाळी द्यायला सुमारे दोन लाख लिटर लागतात. म्हणजे हरभऱ्याला ऐन गरजेच्या वेळी दोन पाळ्या मिळाल्या. एवढेही जमत नसेल तर दोघा-तिघा बांधकऱ्यांनी मिळून एक तळे करावे. बांधावरून कोर्टात जाण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

मात्र एक पथ्य पाळावे. तळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरावे. बोअरचे पाणी उपसून प्लॅस्टिकच्या तळ्यात साठविणे म्हणजे जमिनीखालचे पाणी वर आणून उन्हात वाळविणे होय. असे तळे गावाची तहान वाढवते.

आरोग्याचीही काळजी घ्यावी. साचलेल्या पाण्यात डास वाढतात, म्हणून तळ्यात गप्पी मासे सोडावेत व काठचे गवत काढीत जावे. लेकरे-गुरे पडू नयेत म्हणून कुंपण घालावे आणि आत एक दोर कायम बांधून ठेवावा.

सरकारने आपले काम करावे, हे आम्ही म्हणतच राहू. अर्जही करावेत. पण अर्ज मंजूर होईपर्यंत एक पावसाळा वाहून जातो, तो परत येत नाही. तेव्हा या आठवड्यात एवढेच करा: शेजाऱ्याला सोबत घेऊन रानात फिरा आणि जोराचा पाऊस झाला की पाणी कोणत्या कोपऱ्यातून बाहेर जाते ते पाहा. तेथे एक खुंटी ठोका. तळ्याची सुरुवात तेथूनच होईल.