आधी चाचणी खड्डा, मग पाया

कोल्हापुरात ब्रह्मपुरी टेकडीवर आणि पंचगंगा घाटालगतच्या जुन्या वस्तीत घर पाडून इमारत उभारू पाहणारे मालक, बिल्डर, ठेकेदार, आणि त्यांच्या नकाशांवर सह्या करणारे अधिकारी, अशा सर्वांना हा जाहीर इशारा आहे. चाचणी खड्डा घेतल्याशिवाय तिथे जेसीबी लावू नका.

या जमिनीखाली काय आहे, हे माहीत नव्हते असे आता कोणी म्हणू नये. 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. ग. दीक्षित यांनी इथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. सातवाहनकाळातली विटांची घरे निघाली, त्यांच्यावर बहामनी काळाची वस्ती निघाली. 1952 मध्ये अहवालही छापून झाला. त्याआधी याच टेकडीत कांस्यवस्तूंचा साठा सापडला होता. त्यातली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची मूर्ती टाउन हॉल संग्रहालयात आहे. वीतभर उंचीचीही नाही, पण रोमन जगाशी असलेल्या व्यापाराचा हा पुरावा बघायला परदेशातून अभ्यासक येतात. आपल्यापैकी किती जण गेलेत, ते ज्याचे त्याने बघावे.

ती मूर्ती या टेकडीतल्या जुन्या वस्तीत सापडली हे माहीत आहे, म्हणून तिला अर्थ आहे. डंपरमधल्या ढिगाऱ्यातून तीच मूर्ती निघाली असती, तर मोडीच्या भावाने गेली असती. जेसीबीच्या एका बकेटमध्ये दोन-चार शतके एकदम उचलली जातात.

चाचणी खड्डा म्हणजे काही वर्षानुवर्षे चालणारे उत्खनन नव्हे. प्लॉटच्या एका कडेला दीड-दोन मीटर रुंदीचा चर घ्यायचा, कुदळ जपून चालवायची, पुढे खुरपी आणि ब्रश, आणि मूळ जमीन लागेपर्यंत खाली जायचे. चराची भिंत तासून साफ केली की थर डोळ्यांना दिसतात: वर सिमेंटचा भुगा, मग पुराचा गाळ, मध्येच राखेची काळी रेघ, खापऱ्या, त्याखाली आजच्या विटेच्या जवळजवळ दुप्पट लांबीची वीट. फोटो, मोजमाप, नोंद. बहुतेक ठिकाणी नोंद झाली की बांधकामाला वाट मोकळी होते. काही मोलाचे लागलेच, तर पाया थोडा सरकवता येतो. लंडनमध्ये 1989 साली इमारतीच्या पायात रोझ थिएटरचे अवशेष निघाले, मोठा गदारोळ झाला आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडने बांधकामाच्या परवानगीआधी जमिनीची तपासणी नियोजनाच्या धोरणात आणली. आपल्याकडे संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर मनाई आणि पुढे 200 मीटर नियंत्रण आहे. त्या वर्तुळापलीकडे मात्र पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, मातीला वाली नाही.

कायदा अगदीच मुका आहे, असेही समजू नका. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘जागा सरकारजमा होईल’ या भीतीने रातोरात माल हलवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. उत्साही तरुणांनाही बजावतो, स्वतः खणायला जाऊ नका. उत्खननाला परवाना लागतो, आणि हौसेने उकरलेली जमीन जेसीबीने उकरलेल्या जमिनीइतकीच वाया जाते.

आमची मागणी एकच आहे. जुन्या वस्तीतल्या प्रत्येक बांधकाम परवान्यात चाचणी खड्ड्याची अट घाला, तो पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली घ्या आणि त्याचा अहवाल आल्याशिवाय पाया खणायला परवानगी देऊ नका. खर्च एकट्या लहान घरमालकाच्या माथी मारू नका, तो सरकारने उचलावा. मोठ्या प्रकल्पांनी मात्र स्वतःचा खर्च स्वतः करावा.

येत्या दिवाळीपर्यंत ही अट लेखी लागू झाली पाहिजे. झाली नाही, तर दिलेल्या प्रत्येक परवान्याची प्रत माहिती अधिकारात मागू, सह्या करणाऱ्यांची नावे चौकात लावू आणि याचिका दाखल करू. उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आता कोल्हापुरातच आहे, मुंबईला हेलपाटे घालायची गरज उरलेली नाही. दिवाळीनंतर मुदतवाढ मिळणार नाही.