जपानी आकडे, जपानी घड्याळ



वऱ्हाडाचे आणि जपानचे नाते आजचे नाही. अमरावतीला पूर्वी उमरावती म्हणत आणि त्या नावावरून इकडच्या कापसाला बाजारात ‘उमरा’ म्हणत. १८९३ साली जपानच्या निप्पॉन युसेन कंपनीने कोबे ते मुंबई आगबोट सुरू केली, ती मुख्यतः कापसासाठी. तेव्हा आपला कापूस जात होता, आता आपली पोरे जाऊ पाहतात. शेती, म्हाताऱ्या माणसांची सेवा अशा कामांसाठी जपानने २०१९ साली परदेशी कामगारांना वेगळा व्हिसा सुरू केला. २०२१ साली भारताशी तसा करारही झाला. त्यासाठी कामाच्या आणि भाषेच्या परीक्षा असतात. घरात कोणी तयारी करीत असेल, तर त्याला एकट्याला घोकू देऊ नका. सगळ्यांनी सोबत बसा.

हे पहिले दहा आकडे: इचि, नि, सान, योन, गो, रोकु, नाना, हाचि, क्यू, जू. चाराला ‘शि’ असाही शब्द आहे. पण त्याचा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा, म्हणून बहुतेक ठिकाणी ‘योन’च म्हणतात.

दहाच्या पुढे पाठांतर जवळजवळ संपले. अकरा म्हणजे जू-इचि, दहा-एक. वीस म्हणजे नि-जू, दोन-दहा. एकवीस म्हणजे नि-जू-इचि. नव्व्याण्णव म्हणजे क्यू-जू-क्यू. आपल्याकडे एकोणसाठ, त्रेसष्ट, एकोणऐंशी करता करता लेकरे घायकुतीला येतात. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’ छापले, तेव्हा केवढा गहजब झाला होता! समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचा हेतू मुलांना सोपे जावे हाच होता. जपानी पोर अशाच रीतीने मोजायला शिकते.

अडचण येते ती मोठ्या रकमेत. जपानीत लाख नाही, कोटी नाही. दहा हजाराला ‘मान’ म्हणतात आणि पुढे मानानेच मोजतात. एक लाख म्हणजे जू-मान, दहा मान. पगार ‘नि-जू-मान’ येन सांगितला, तर तो दोन लाख येन. हे येन आहेत, रुपये नव्हेत. कोणी दलाल मोठा आकडा सांगून भुलवू लागला, तर आधी रुपयांत हिशेब मांडा. एजंट सरकारच्या ई-मायग्रेट नोंदणीत आहे की नाही, ते पाहूनच पैशाची गोष्ट करा.

आता घड्याळ. आकड्यापुढे ‘जि’ लावले की वाजले. इचि-जि एक, नि-जि दोन, सान-जि तीन. मात्र चार वाजता यो-जि, सात वाजता शिचि-जि, नऊ वाजता कु-जि. एवढे तीन ध्यानात ठेवा, परीक्षेत हमखास इथेच चूक होते. अर्ध्याला ‘हान’. आपण ‘साडे’ आधी लावतो, ते ‘हान’ मागून लावतात: साडेतीन म्हणजे सान-जि हान. सव्वा आणि पावणे यांना वेगळे शब्द नाहीत. सव्वातीनला सरळ सान-जि जू-गो-फुन, म्हणजे तीन वाजून पंधरा मिनिटे. दुपारच्या आधी ‘गोझेन’, नंतर ‘गोगो’. तिकडच्या गाड्यांचे वेळापत्रक बडनेऱ्याच्या स्टेशनासारखेच चोवीस तासांचे असते.

जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. पोरगा किंवा पोरगी तिकडे रात्री नऊला जेवून बसते, तेव्हा इकडे संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात, आणि माय वावरातून घराकडे निघालेली असते. हा हिशेब घरातल्या प्रत्येकाला आला पाहिजे. नाहीतर आपण रात्री जेवण आटोपून दहाला फोन लावू आणि दमलेल्या लेकराला दीड वाजता झोपेतून उठवू.

म्हणून आजपासून घरात वेळ विचारायची ती अशी: “इमा, नान-जि देस का?” आता किती वाजले?