छातीवरील ध्वज

७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ पासून या दिवशी तिन्ही दलांच्या तांबड्या, गडद निळ्या व फिक्या निळ्या रंगांचा छोटा ध्वज छातीवर लावून निधीस साहाय्य करण्याचा प्रघात आहे. अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या आपल्या उपनगरांत त्याविषयी दोन मते ऐकू येतात. एका पक्षाला ध्वज न लावणारा कृतघ्न वाटतो. दुसऱ्याला कचेरीत वरिष्ठांच्या भिडेपोटी दिलेले हे दान निव्वळ उपचार वाटते. ब्रिटनमध्ये १९२१ पासून रूढ असलेल्या तांबड्या पॉपीच्या फुलावरूनही असाच वाद आहे. युद्धाचे उदात्तीकरण नको म्हणणाऱ्यांनी तेथे १९३३ मध्ये पांढरे फूल पुढे आणले.

सक्तीने वसूल होते ती कृतज्ञता नव्हे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु हा निधी वीरपत्नी, अपंग जवान, माजी सैनिक व त्यांची मुले यांच्यासाठी आहे. आपल्या वादाचा निकाल लागेपर्यंत त्यांची गरज थांबत नाही. म्हणून द्यावे ते स्वेच्छेने, आणि दुसऱ्याच्या ध्वजाविना दिसणाऱ्या सदऱ्यावरून त्याची देशभक्ती मोजू नये. ज्याने ध्वज लावला, त्याने ८ डिसेंबरला तो उतरवताना आपल्या वस्तीतील सैनिककुटुंबाची विचारपूस करण्याचे कर्तव्यही त्याबरोबर उतरवून ठेवू नये.